सहवास आणि सभा : माणूस मुळात सामाजिक की राजकीय?

माणूस स्वभावतःच राजकीय प्राणी आहे, असे अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात लिहिले. त्याचा युक्तिवाद असा : स्त्रीपुरुषांपासून घर बनते, घरांपासून गाव, गावांपासून नगरराज्य, आणि ज्याला या कशाचीच गरज नाही तो एक तर पशू असला पाहिजे नाही तर देव. मधमाश्याही एकत्र राहतात, पण माणूस त्यांच्या पुढचा आहे, कारण त्याला वाचा आहे. जनावराच्या ओरडण्यातून त्याचे सुखदुःख कळते. माणसाच्या बोलण्यातून हिताचे काय आणि अहिताचे काय, न्याय कोणता आणि अन्याय कोणता, हेही कळते. त्याच प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल आणखी एक गोष्ट सांगतो. अशा एकत्र जगण्याची ओढ सर्वांच्या ठायी उपजत असली, तरी ज्याने पहिल्यांदा राज्य उभारले त्याने माणसांवर सर्वांत मोठे उपकार केले. ओढ निसर्गाने दिली, उभारणी मात्र माणसालाच करावी लागली. पहिले विधान जगभर पाठ झाले. दुसऱ्याकडे फारसे लक्ष गेले नाही, आणि खरा वाद तिथेच आहे.

तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने माणसाला ‘सामाजिक आणि राजकीय’ अशी दोन्ही विशेषणे जोडून लावली. पुढे ती जणू एकच असल्यासारखी वापरली जाऊ लागली. १९५८ साली हॅना आरेंटने ‘द ह्यूमन कंडिशन’ या पुस्तकात या सरमिसळीवर बोट ठेवले. पोट भरणे, मुले वाढवणे, एकमेकांना सांभाळणे यासाठी एकत्र येणे वेगळे. आणि समान म्हणून एकमेकांसमोर उभे राहून, बोलून, सर्वांचा व्यवहार ठरवणे वेगळे, असे तिचे म्हणणे होते.

हा फरक मान्य केला तर प्रश्नाचे दोन भाग पडतात. माणसाला माणूस लागतो का? लागतो, तर त्यातून आपोआप राजकारण उगवते का? इथे राजकारण म्हणजे निवडणुका आणि पक्ष एवढेच नव्हे. ती त्याची अलीकडची रूपे आहेत. वाटून घेता न येणारी एखादी गोष्ट – पाणी, रस्ता, जंगल, हवा – अनेकांची मिळून असते. तिच्याबद्दल त्यांची मते जुळत नाहीत. तरी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो विरोध करणाऱ्यालाही पाळावा लागतो. अशी वेळ जिथे येते तिथे राजकारण सुरू होते.

पहिल्या भागाचे उत्तर शोधायला औद्योगिक वस्त्या सोयीच्या असतात. तिथली माणसे एकमेकांची निवड करून आलेली नसतात. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान आणि कोलार नद्यांच्या परिसरातले खापरखेडा ही अशीच एक वस्ती. महानिर्मितीच्या इथल्या औष्णिक वीज केंद्राचे २१० मेगावॉटचे चार संच १९८९ ते २००१ या काळात सुरू झाले, ५०० मेगावॉटचा पाचवा त्यानंतर दहाएक वर्षांनी. एकूण क्षमता १,३४० मेगावॉट. आसपास सिल्लेवाडा, वलनी, पिपळा अशा कोळशाच्या खदानी. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले आणि १९७५ पासून या भागातल्या खदानी वेकोलिकडे, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. विदर्भातल्या कोळसा पट्ट्यात छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा इथून कामगार आले. वीज केंद्रात राज्याच्या सगळ्या भागांतले तंत्रज्ञ आणि अभियंते आले. मूळ गावांतले शेतकरी आणि शेतमजूर तर आधीपासून होतेच.

अशा वस्तीत समाज घडायला वेळ लागत नाही. नळावर, पाळीच्या बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी ओळखी होतात. परप्रांतातून आलेली शेजारीण काही महिन्यांत मुलांची ‘चाची’ किंवा ‘मावशी’ होते आणि पाळीचा जोडीदार ‘भाऊ’ होतो. नाते रक्ताचे नसले तरी नात्याचा शब्द हाताशी असतो, आणि त्या शब्दाबरोबर त्याची कर्तव्येही येतात : दवाखान्यात सोबत, लग्नात हातभार, मयतीला खांदा. भिशी लागते, भजनी मंडळ उभे राहते, बुद्धविहारात वर्षावासाला माणसे जमतात, गणपती आणि दुर्गादेवीच्या मंडळांत वर्गणीवरून भांडणेही होतात. या गोष्टींसाठी कोणता आदेश काढावा लागत नाही. समाज असा आपसूक उगवतो, हे इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी आणि इतक्या वेळा दिसून आले आहे की त्यावर वाद घालण्यासारखे फारसे काही उरत नाही.

जीवशास्त्राचा पुरावाही याच बाजूचा आहे. जन्माच्या वेळी मानवी बाळाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही लहान असतो. बाकीची वाढ माणसांच्या सहवासातच होते. मानववंशशास्त्रज्ञ सारा ब्लाफर हर्डी यांनी २००९ मध्ये मांडले की मानवी मूल एकट्या आईच्या बळावर वाढूच शकले नसते. आजी, मावशी, मोठी भावंडे, शेजारी अशा अनेकांच्या हातांनी ते वाढले, आणि म्हणून दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेण्याची शक्ती त्याच्यात आली. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची आपल्याकडची रीत याच गरजेवर उभी आहे. जर्मनीत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अठरा महिन्यांची मुले अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू, कसलेही बक्षीस नसताना, आपणहून उचलून देत होती. त्या वयाला शिकवणीचा परिणाम म्हणणे कठीण आहे.

दुसऱ्या भागाकडे, म्हणजे राजकारणाकडे, वळल्यावर वाट इतकी सरळ राहत नाही. फ्रान्स द वाल यांनी नेदरलँड्समधल्या आर्नेम इथल्या प्राणिसंग्रहालयातील चिंपांझींचे निरीक्षण करून १९८२ मध्ये ‘चिंपांझी पॉलिटिक्स’ हे पुस्तक लिहिले. येरून, लाउट आणि निक्की या तीन नरांमध्ये वर्चस्वासाठी युत्या होत, त्या मोडत, पडलेला म्होरक्या दुसऱ्याला पाठिंबा देऊन आपले वजन राखत असे, आणि वयस्क माद्या भांडणे मिटवत. सत्तेची ओढ आणि डावपेच मानवाच्या आधीपासून आहेत, एवढे यावरून नक्की म्हणता येते. पण चिंपांझी कोणताही नियम ठरवत नाहीत. त्यांच्यात कोण वर, एवढेच ठरते. काय योग्य, ते ठरत नाही.

मानवाने इथे एक वेगळे वळण घेतले, असे ख्रिस्तोफर बोहम यांचे म्हणणे आहे. जगभरच्या शिकारी-संकलक टोळ्यांची वर्णने तपासून त्यांनी १९९९ मध्ये दाखवले की या छोट्या समूहांत कोणी शिरजोर होऊ लागला की बाकीचे मिळून त्याला खाली आणतात. आधी थट्टेने, मग अबोल्याने, वेळ पडली तर हाकलून देऊन. कालाहारी वाळवंटातल्या लोकांबरोबर राहणारे रिचर्ड ली यांनी एकदा नाताळासाठी भला मोठा धष्टपुष्ट बैल विकत घेतला. भेटेल तो माणूस म्हणू लागला की हा बैल म्हणजे नुसता हाडांचा सापळा आहे. ली खट्टू झाले. कापल्यावर बैलाला भरपूर चरबी निघाली, आणि मग त्यांना कारण सांगण्यात आले. मोठी शिकार आणणारा माणूस गर्वाने फुगतो आणि एक दिवस कोणाचा तरी जीव घेतो. म्हणून त्याच्या शिकारीला नावे ठेवून त्याचे मन थंड करायचे. यात चावडी, सरपंच, कायदा काहीच नाही. तरी सर्वांना लागू असलेली एक ठरवून पाळलेली रीत आहे आणि तिच्यामागे सांगता येण्याजोगे कारण आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या अर्थाने हे राजकारणच म्हणावे लागेल.

वस्ती वाढली, धान्य साठू लागले, की केवळ थट्टेने भागत नाही. याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका पुरावा इनामगावला आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा दीर्घ काळ हे गाव नांदले. तिथे पाण्यासाठी पाट काढलेला होता आणि त्याला बांध घातला होता. पाट एका घराला खणता येत नाही. तो कुठून न्यायचा, कोणी किती दिवस राबायचे, पाणी आधी कोणाच्या शेतात, हे कोणीतरी ठरवल्याशिवाय तो वाहत नाही. गावात एक पाच खोल्यांचे घर सापडले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात, एका प्रौढ पुरुषाला बसवून पुरलेले होते. इतर प्रौढांच्या दफनात पाय घोट्यापासून तोडलेले दिसतात, याचे पाय मात्र शाबूत होते. उत्खननकर्त्यांनी हा गावाचा प्रमुख मानला. कोठार त्याच्या ताब्यात होते की गावाचे धान्य त्याच्याकडे ठेव म्हणून होते, याला माती उत्तर देत नाही. गाव होते तिथे ठरवणारे कोणीतरी होते, आणि ठरवण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता, एवढे मात्र दिसते.

नागपूरच्या आसपासही अशा खुणा विखुरल्या आहेत. जुनापाणी, माहुरझरी इथली शिलावर्तुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठच्या नैकुंड इथे त्याच काळातली लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. या वर्तुळांत मृतांबरोबर लोखंडी हत्यारे, आणि काही ठिकाणी साजासह घोडे पुरलेले आहेत. मेलेल्या एकासाठी एवढे धोंडे वाहून आणणारी माणसे आपसूक जमली असतील, यावर विश्वास बसत नाही.

तरी बऱ्याच विचारवंतांनी राजकारणाला निसर्गात जागा दिली नाही. थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये लिहिले की मधमाश्यांचे एकमत निसर्गातून येते, माणसांचे फक्त करारातून. करार मोडल्यास शिक्षा करणारी सत्ता नसेल तर प्रत्येक जण प्रत्येकाचा वैरी होईल. रूसोने १७५५ मध्ये उलट टोक गाठले : मूळचा माणूस एकटा, शांत होता, मालकी आली आणि त्याबरोबर सत्ता व विषमता आली. भारतीय परंपरेत महाभारताचे शांतिपर्व आणि कौटिल्याचे अर्थशास्त्र मत्स्यन्यायाची भीती सांगतात. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळेल, म्हणून राजा हवा.

या सर्वांत विदर्भातल्या वाचकाला जवळची वाटावी अशी मांडणी दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात आहे. भात आपोआप उगवत होता तोवर माणसे सुखी होती. काहींनी साठा करायला सुरुवात केली, शेतांना बांध पडले, चोरी आली, मारहाण आली. तेव्हा लोक एकत्र जमले आणि त्यांनी आपल्यातल्याच एकाला निवडून सांगितले की रागवायचे तिथे तू रागव, हाकलायचे त्याला हाकल, आम्ही तुला आमच्या भातातला वाटा देऊ. बहुजनांनी मान्य केलेला म्हणून तो महासंमत. या कथेत राजा आकाशातून उतरत नाही आणि तलवारीच्या बळावरही येत नाही. तो सभेतून येतो आणि ठरल्या वेतनावर काम करतो. हॉब्जच्या दोन हजार वर्षे आधीची ही कल्पना हॉब्जपेक्षा अधिक माणूसपणाची आहे, कारण तिच्यात लोक भीतीपोटी सर्व अधिकार सोडून देत नाहीत. ते एक काम नेमून देतात.

समाज आपसूक उगवतो, पण सभा भरवावी लागते. ही गोष्ट नीट समजायची तर महाराष्ट्राच्या जुन्या गावाकडे पाहावे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात त्याचे बारकाईने वर्णन आहे. पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, मांग, महार यांची कामे आणि हक्क बलुत्याने बांधलेले होते. कोणाचेच कोणावाचून चालत नव्हते. नागपूर प्रांतात याला मालगुजारीची जोड होती. गावाचा सारा वसूल करणारा मालगुजार जमिनीचा मालक आणि गावाचा कारभारीही असे. ही पद्धत ३१ मार्च १९५१ रोजी संपली. नात्यांची एवढी दाट वीण आजच्या कोणत्याही वसाहतीत सापडणार नाही. सहवासाच्या दृष्टीने हे गाव पूर्ण होते.

पण चावडीवर कोण बसत होते? शिवेचा तंटा पडला की हद्द दाखवायला महाराची साक्ष लागे, कारण गावाची शीव त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. सरकारी निरोप तो पोचवी, खजिन्याबरोबर तो चाले. मात्र ज्या चावडीवर त्या साक्षीचा निकाल लागे, तिच्या पायऱ्या त्याला चढता येत नसत. स्त्रियांना तर, जात कोणतीही असो, तिथे जागाच नव्हती. गाव ज्यांच्या श्रमावर आणि माहितीवर चाले त्यांतले बहुसंख्य ठरवण्याच्या कामातून बाहेर होते. माणूस पूर्णपणे सामाजिक असूनही राजकीय आयुष्यापासून पिढ्यान्‌पिढ्या तोडला जाऊ शकतो, याचा इतका ठळक पुरावा जगात इतरत्र क्वचितच मिळेल. राजकीय असणे हे श्वासासारखे आपोआप होत असते तर असे घडले नसते. आणि ते माणसाच्या स्वभावातच नसते, तर वगळलेल्यांना त्याची एवढी आस लागली नसती.

त्या आसेचा इतिहास तारखांनिशी उपलब्ध आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक गेले ते तहान भागवायला नव्हे. सार्वजनिक पाणी सर्वांचे की काहींचे, हा प्रश्न त्यांनी उघड्यावर आणला. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची उभारणी झाली आणि त्याच वेळी स्त्रियांची स्वतंत्र परिषदही झाली. ज्यांना चावडीवर उभे राहता येत नव्हते त्यांच्या मुली-सुना व्यासपीठावरून ठराव मांडत होत्या. संधी मिळताच ही शक्ती इतक्या वेगाने वर येते, ती उपजत असल्याशिवाय हे शक्य नाही.

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत आंबेडकरांनी खेड्याला राज्याचा पाया मानायला कडाडून विरोध केला. गावाचे एकत्रपण म्हणजे लोकशाही नव्हे, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. त्याच महिन्यात २२ तारखेला ग्रामपंचायतींचे कलम, आजचे कलम ४०, मार्गदर्शक तत्त्वांत समाविष्ट झाले. वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्यांनी दुसरी बाजू मांडली. राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा, म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेचा आधार नसेल तर ती टिकणार नाही. दोन्ही भाषणे एकत्र वाचली की एक पूर्ण सिद्धांत हाती येतो. समाज असला म्हणून राजकारण येत नाही, आणि राजकारण आणले तरी समाज माणुसकीचा नसेल तर ते पोकळ ठरते. माणसाच्या या दोन बाजू जन्मतः जोडलेल्या नसतात. त्या जोडाव्या लागतात. अ‍ॅरिस्टॉटलने गुलाम आणि स्त्रियांना नगरराज्याच्या कारभाराबाहेर ठेवले आणि त्यालाही निसर्गच म्हटले. आंबेडकरांनी त्याच प्रश्नाला खालच्या पायरीवरून हात घातला, म्हणून त्यांचे उत्तर अधिक खोल आहे.

कायद्याने पुढे ही जोडणी करण्याचा प्रयत्न केला. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १ मे १९६२ पासूनच्या जिल्हा परिषदा, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेली ७३ वी घटनादुरुस्ती, आणि २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा, असा हा प्रवास आहे. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा व्हावी अशी तरतूद आहे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. या शेवटच्या सवलतीमुळे कागद पूर्ण होतात, पण सभा होत नाही. सभेला जायचे तर मजुरी बुडते, बोलले तर शेजाऱ्याशी वाकडे येते, आणि शेवटी निर्णय आधीच झालेला असतो, असे लोकांना वाटते. या तीन कारणांनी माणसे घरी बसतात, आणि मग लोकांनाच राजकारणात रस नाही असा शेरा मारला जातो.

रस असतो, हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने दाखवले. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध झालेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून तिथे विचारमंथन सुरू झाले. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या गावाशी जोडलेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. पण घोषणेपेक्षा कामाची रीत अधिक शिकण्यासारखी आहे. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. दारूबंदीसारख्या प्रश्नावर स्त्रियांनी रेटा लावल्यावरही सर्वांचे मन वळेपर्यंत चर्चा चालत राहिली. निर्णय घेणाऱ्या सभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. तिथे बाहेरच्या जाणकारांनाही बोलावतात, प्रश्न विचारतात, कायदे वाचतात. मात्र अभ्यासगटाला ठरवण्याचा अधिकार नाही, तो सभेचाच.

वनहक्क कायदा २००६ साली आला तेव्हा या गावाची तयारी पूर्ण होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याची गणना झाली. तरी बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले होते. पुढे गावाने ग्रामदानाचा मार्ग धरला आणि जमिनीचा प्रश्नही सभेच्या कक्षेत आणला. सामाईक साधनसंपत्तीची नासाडी टळायची तर ती एक तर सरकारच्या ताब्यात हवी नाही तर खासगी मालकाच्या, ही समजूत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’मध्ये खोडून काढली होती आणि त्या कामासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. मेंढ्याच्या लोकांनी तेच आपल्या जंगलात स्वतः सिद्ध केले.

मेंढ्यात एक अनुकूलता होती, हे विसरून चालणार नाही. शंभराच्या आसपास घरे, एकच समाज, एकच जंगल. खापरखेड्याच्या परिसरात यांपैकी काहीही नाही. तिथला प्रश्न राखेचा आहे. या भागातल्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. कोळसा जाळला की उरलेली राख पाण्यात कालवून नळांनी लांबच्या बंधाऱ्यात सोडतात. वारेगावचा राखेचा बंधारा कामठी तालुक्यात, नांदगावचा पारशिवनी तालुक्यात, आणि वीज केंद्र सावनेर तालुक्यात. बंधाऱ्यातून झिरपणारे पाणी आणि उन्हाळ्यात उडणारी राख ना तालुक्याची शीव पाहते ना ग्रामपंचायतीची. कन्हानचे पाणी तर पुढे नागपूर शहरालाही जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंथन अध्ययन केंद्र आणि सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी कोराडी आणि खापरखेडा या वीज केंद्रांच्या परिसरातले पाण्याचे नमुने तपासून प्रदूषण नोंदवणारा अहवाल प्रसिद्ध केला. गावकऱ्यांच्या तक्रारी आणि हा अहवाल यांनंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी भेट देऊन नांदगावच्या बंधाऱ्यात राख सोडणे थांबवायला सांगितले. त्याच वर्षीच्या जुलैत अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतांत आणि नाल्यांतून नदीकडे गेली.

या प्रकरणात माणसे एकत्र येण्यात कमी पडली नाहीत. शेतकरी, मासेमार, शहरातले अभ्यासक जमले, निवेदने गेली, नमुने तपासले गेले. कमी पडली ती सभा. राखेने बाधित झालेले, राख तयार करून पोट भरणारे आणि त्या विजेवर जगणारे अशा सर्वांना एका जागी बसून ठरवता येईल असे ठिकाणच अस्तित्वात नाही. वारेगावची ग्रामसभा वारेगावपुरती, नांदगावची नांदगावपुरती. कामगार संघटना वेतन आणि सुरक्षिततेवर बोलतात, पण राखेचे धोरण त्यांच्या कक्षेत येत नाही. कंत्राटी कामगारांपैकी ज्यांची नावे दूरच्या गावच्या मतदारयादीत आहेत त्यांना इथल्या कोणत्याच ग्रामसभेत मत नाही, जरी राख त्यांच्याही छातीत जाते. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर सर्व राख वापरात आणण्याचे बंधन घातले. तो नियम चांगला आहे, पण तो दिल्लीहून आला. त्याचे पालन होते की नाही हे रोज पाहू शकणाऱ्यांना तो राबवण्यात जागा दिलेली नाही.

अशा ठिकाणी लहान सभांवर मोठी सभा रचावी लागते. एकाच पाणलोटातल्या गावांच्या प्रतिनिधींची, कामगारांची आणि केंद्राच्या व्यवस्थापनाची मिळून, नोंदी मागण्याचा आणि काम थांबवायला सांगण्याचा अधिकार असलेली. ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासात मोठ्या प्रमाणावर टिकलेली सामाईक व्यवस्था अशीच थरांची होती. ग्रामपंचायत अधिनियम ग्रामपंचायतींना संयुक्त समित्या नेमण्याची मुभा देतो, आणि खापरखेड्याभोवतीच्या गावांना सुरुवात तिथून करता येईल.